भिवंडीच्या तीन पाणवाटा



सहल म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? भिवंडीत राहणारा मुलगा म्हणेल, माहुलीचा किल्ला. मुलगी म्हणेल, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे. पैसे थोडे जास्त जमले तर माथेरान. पण कोणी वर्गात उभे राहून म्हणाले, “गुरुजी, यंदा आपण भिवंडीतच सहल काढू या,” तर सगळा वर्ग खो खो हसेल. भिवंडीत पाहायचे काय? मागांची खटखट, सुताचे गठ्ठे, गोदामांची रांग आणि मालमोटारींची गर्दी!

हसून झाले असेल तर आता ऐका. भिवंडीत पायी हिंडण्याजोग्या तीन वाटा आहेत. एक तलावाच्या काठाची, दुसरी नदीच्या काठाची आणि तिसरी खाडीच्या काठाची. एकीलाही चढण नाही. प्रत्येकीला अर्धी सकाळ पुरते. खर्च म्हणाल तर बसभाडे आणि एक वही. या तीन वाटा चालून आलात, की तुमच्या गावात पाणी कोठून येते, कोठे जाते आणि मध्ये त्याचे काय होते, हे तुम्हांला पुस्तकाशिवाय सांगता येईल.

आधी नकाशा उघडा. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला अरबी समुद्र, मध्ये उत्तर कोकणाची पट्टी. या पट्टीत भिवंडी वसली आहे. राजमाचीच्या परिसरातील डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूर करत कल्याणजवळ येते. तेथे काळू आणि भातसा या नद्या तिला मिळतात. ठाण्याजवळ तिला फाटा फुटतो. एक लहान शाखा ठाण्याच्या खाडीकडे वळते आणि मुख्य प्रवाह वसईच्या खाडीतून समुद्राला मिळतो. भिवंडीच्या अंगाने वाहणारी कामवारी नदीही याच वसईच्या खाडीला जाऊन मिळते. म्हणजे डोंगरातून उतरणारे गोडे पाणी आणि समुद्रातून चढणारे खारे पाणी, या दोघांच्या भेटीच्या जागी तुमचे गाव आहे. अशी जागा सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

पाऊल हेच माप

निघण्यापूर्वी एक मोजमापाचे साधन तयार करू या. ते विकत मिळत नाही. ते म्हणजे तुमचे स्वतःचे पाऊल.

शाळेच्या पटांगणावर टेपने १०० मीटर अंतर आखून घ्या. नेहमीच्या चालीने चाला आणि पावले मोजा. असे तीनदा करा आणि सरासरी काढा. समजा १४० पावले झाली. तर १०० भागिले १४०, म्हणजे तुमचे एक पाऊल सुमारे ७१ सेंटिमीटरचे. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मित्राचा आकडा उसना घेऊ नका, त्याची उंची वेगळी आणि चालही वेगळी.

पावलांनी अंतर मोजणे हा पोरखेळ आहे असे समजू नका. १८६५-६६ मध्ये कुमाऊंमधील नैनसिंग रावत नावाचे एक शिक्षक यात्रेकरूच्या वेषात तिबेटात गेले. परक्या माणसांना तेथे प्रवेश नव्हता, मग साखळ्या आणि दुर्बिणी घेऊन मोजणी कोण करू देणार? नैनसिंगांनी आपली चाल अशी बांधून घेतली होती की २००० पावलांचा बरोबर एक मैल व्हावा. त्यांच्या हातात जपाची माळ होती. अशा माळेत १०८ मणी असतात, त्यांच्या माळेत मात्र १०० होते. दर १०० पावलांना ते एक मणी पुढे सरकवत. एक माळ पूर्ण झाली की १०,००० पावले, म्हणजे पाच मैल! अशा रीतीने हिमालयापलीकडे शेकडो मैल चालून त्यांनी ल्हासाचे स्थान नकाशावर पक्के केले. आपल्याला तर नदी नाक्यापासून बंदर मोहल्ल्यापर्यंतच जायचे आहे.

बरोबर आणखी काय घ्यावे? घड्याळ, पेन्सिल, दोरी बांधलेली छोटी बादली, दोन-तीन पारदर्शक बाटल्या, एक भिंग, हातमोजे आणि साबण. शिक्षक किंवा घरचे मोठे माणूस बरोबर असलेच पाहिजे. पाण्यात उतरायचे नाही. पाण्याची चव घ्यायची नाही. पुलावर वाहनांकडे पाठ करून उभे राहायचे नाही. पाऊस जोराचा असेल त्या दिवशी घरी बसून वही नीट करायची.

पहिली पाणवाट : वऱ्हाळदेवी तलाव

पहिली सकाळ कामतघरच्या वऱ्हाळदेवी तलावावर घालवू या. काठाने जेथवर सुखाने चालता येईल तेथवर चाला आणि पावले मोजत जा. घरी आल्यावर पावलांवरून तलावाचा एक कच्चा नकाशा काढा.

हा तलाव नुसता शोभेचा नाही. भिवंडी शहराला पिण्याचे पाणी पुरवणाऱ्या स्रोतांपैकी तो एक आहे. शहराच्या एकूण गरजेतला त्याचा वाटा लहान आहे. बाकीचे बरेचसे पाणी सह्याद्रीतून येणाऱ्या नद्यांचे असते आणि नळांतून दुरून येते. पण लहान असला तरी हा वाटा गावचा स्वतःचा आहे. म्हणून या काठावर उभे राहताना मनात एक प्रश्न ठेवा : मी हे पाणी पीत असेन, तर त्यात काय पडावे आणि काय पडू नये?

पाणी किती स्वच्छ दिसते हे मोजण्याची एक सोपी तऱ्हा आहे. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ साली भूमध्य समुद्रात जहाजावरून पांढऱ्या तबकड्या दोरीने खाली सोडल्या आणि त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात हे पाहिले. तलावांसाठी पुढे २० सेंटिमीटर व्यासाची, चार भागांत काळी-पांढरी रंगवलेली तबकडी वापरात आली. तुमच्या घरातली जुनी ताटली रंगवून, मधोमध भोक पाडून, खाली वजन बांधून अशी तबकडी करता येईल. दोरीला दर १० सेंटिमीटरवर गाठ मारा. पण खोल पाण्यावर वाकणे धोक्याचे असते, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी करावा आणि तुम्ही गाठी मोजाव्यात. ते जमण्यासारखे नसेल तर पाणी बाटलीत भरा, बाटलीमागे वर्तमानपत्र धरा आणि अक्षरे वाचता येतात का पाहा. जूनच्या सुरुवातीला, ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत असे तीनदा पाहिलेत तर तीन वेगळी उत्तरे मिळतील.

आता तलावाच्या काठावरचा कठडा किंवा पायरी निवडा आणि पाणी कोणत्या पायरीपर्यंत आहे ते लिहून ठेवा. उन्हाळ्यात पाणी खाली जाते ते काही फक्त नळाला गेल्यामुळे नाही. घरी एका पसरट, उभ्या कडांच्या भांड्यात पाणी भरून उन्हात ठेवा आणि २४ तासांनी पट्टीने मोजा. पाच-सहा मिलिमीटर पाणी उडून गेलेले दिसेल. तलावातून रोज इतके पाणी गेले तर १०० दिवसांत पातळी अर्ध्या मीटरहून जास्त उतरेल!

गणेशोत्सवात या तलावावर विसर्जनाची गर्दी होत आली आहे. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळून तळाच्या मातीत मिसळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मात्र पाण्यात गेल्यावर जिप्सम बनते आणि एक लिटर पाण्यात जिप्सम विरघळते ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. मोठी मूर्ती त्यामुळे महिनोन् महिने तळाशी पडून राहते आणि तिच्यावरचे रंग पाण्यात उतरतात. भक्ती तीच राहील, माती कोणती घ्यायची एवढेच ठरवायचे आहे.

पक्ष्यांकडेही थोडे लक्ष द्या. काठावर दगडासारखा निश्चल बसलेला ढोकरी बगळा उडाला की एकदम पांढरा होतो. खंड्या सूर मारतो. पाणकावळा पंख पसरून उन्हात उभा राहतो, कारण त्याची पिसे बदकाच्या पिसांसारखी पाणी झटकून टाकत नाहीत. भिजलेली पिसे पाण्याखाली बुडी मारायला बरी पडतात, पण नंतर वाळवावी लागतात. जेथे मासा तेथे हे पक्षी. पक्षी कमी होऊ लागले तर माशांची चौकशी करावी.

दुसरी पाणवाट : कामवारी नदी

दुसऱ्या सकाळी नदी नाक्यावर भेटू या. येथे कामवारीवर पूल आहे. पुलाच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहा. वरच्या बाजूने एक सुके पान पाण्यात टाका आणि ते पुलाखालून दुसऱ्या बाजूला किती सेकंदांत निघते ते मोजा. पुलाची रुंदी पावलांनी काढा. समजा रुंदी १० मीटर आहे आणि पानाला २० सेकंद लागले. तर पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. वरचे पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात धावते, म्हणून सरासरी वेग काढताना या आकड्याला ०.८५ ने गुणावे. नद्यांची मोजणी करणारे अभियंतेही साधनांच्या अभावी हीच युक्ती वापरतात.

येथून नदीच्या अंगाने बंदर मोहल्ल्याकडे चला. सगळीकडे काठ मोकळा सापडणार नाही, गल्ल्यांतून वळसे घ्यावे लागतील. घेत चला, आणि पाणी दिसेल तेथे थांबत चला. बंदर मोहल्ला या नावाकडे लक्ष गेले का? बंदर म्हणजे गलबते लागण्याची जागा. आज येथे गलबत कोठे आहे? पण एके काळी भरतीच्या पाण्याबरोबर पडाव आणि मचवे खाडीतून भिवंडीपर्यंत येत. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली, तेव्हा स्वराज्याला खाडीचा हा किनारा मिळाला आणि जहाजे बांधण्याचा मार्ग मोकळा झाला. कल्याण-भिवंडी ही जोडी तेव्हापासून आपण एका दमात उच्चारतो.

मग बंदर गेले कोठे? एक कारण आगगाडी. १८५३ मध्ये ती बोरीबंदरहून ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोचली आणि माल रुळांवरून जाऊ लागला. दुसरे कारण गाळ. गोड्या पाण्याला खारे पाणी भेटते तेथे गाळ का साचतो, हे घरी पाहता येते. दोन पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घ्या. एकात चमचाभर मीठ विरघळवा. दोन्ही ढवळून ठेवा. मिठाच्या पेल्यातले पाणी आधी निवळेल. मातीच्या अगदी बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून गोड्या पाण्यात कण तरंगत राहतात. मिठाच्या पाण्यात धन भाराचे आयन असतात, ते हा दुरावा कमी करतात. कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. आजी पाण्यात तुरटी फिरवत असे, तीही याच जातीची युक्ती. डोंगराने पाठवलेली माती खाडीच्या तोंडाशी अशी दर पावसाळ्यात उतरत राहते.

आता पाण्याकडे बघा. रंग कसा आहे? वास येतो का? फेस आहे का? कामवारीत शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी मिसळते, ही गोष्ट लपवण्यासारखी नाही. तुमच्यापैकी कित्येकांचे वडील, काका, मामा मागावर किंवा सायझिंगमध्ये काम करत असतील. त्यांना विचारा, सुताला खळ का देतात? मागावर चढणारे उभे धागे घासून तुटू नयेत म्हणून त्यांना खळ, म्हणजे पिष्टाची कांजी, लावतात. ही कांजी विषारी नाही. मग ती पाण्यात गेली तर काय बिघडले?

बिघडते ते असे. पाण्यातले जीवाणू ही कांजी आणि सांडपाण्यातला मैला आनंदाने खातात. खाताना ते पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. हा प्राणवायू मुळातच थोडा असतो. शून्य अंश तपमानाच्या एक लिटर पाण्यात तो फार तर साडेचौदा मिलिग्रॅम मावतो. ३० अंशांच्या पाण्यात मावतो फक्त साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात नदीची शिदोरी अर्ध्यावर येते. बहुतेक माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी लागतो. जीवाणूंची पंगत मोठी झाली की माशांच्या वाट्याला काही उरत नाही. प्राणवायू पार संपला की दुसऱ्या जातीचे जीवाणू कामाला लागतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा.

पाण्यावर हिरवा गालिचा दिसला तर तो जलपर्णीचा असू शकेल. ही वनस्पती मूळची दक्षिण अमेरिकेची, निळसर फुलांसाठी जगभर नेली गेली. सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर ती माजते आणि अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट पसरू शकते. उल्हास नदीवर कल्याण परिसरात तिने अनेकदा पात्र झाकून टाकले आहे. खाली उजेड जात नाही, हवा जात नाही आणि प्राणवायूची तंगी आणखी वाढते.

अशी नदी पुन्हा सुधारते का? लंडनच्या टेम्स नदीचे उदाहरण पाहा. १८५८ च्या उन्हाळ्यात तिच्या दुर्गंधीने पार्लमेंटचे कामकाज चालवणे अवघड झाले होते. १९५७ साली तेथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या शास्त्रज्ञांनी नदीचा मोठा भाग मेल्यात जमा असल्याचे सांगितले. त्यानंतर सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रे सुधारली, आणि १९७४ मध्ये सॅमन मासा त्या पाण्यात पुन्हा सापडला. नदीला जादू लागली नाही. तिच्यात जाणारी घाण आधी शुद्ध झाली आणि प्राणवायू परत आला. कामवारीसाठीही भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र तेच आहे.

तिसरी पाणवाट : खाडी

तिसऱ्या सकाळी अंजूरफाट्यावरून ठाण्याच्या वाटेला लागा. काल्हेर मागे पडले की कशेळी येते आणि तेथे खाडीवरचा मोठा पूल लागतो. पुलावर रहदारी फार, म्हणून काठावर मोकळी, टणक जागा पाहून थांबा. चिखलात उतरू नका, तो दिसतो त्यापेक्षा खोल असतो.

येथे पहिला प्रश्न वेळेचा. भरती कधी येणार? कोकणातल्या माणसांपाशी याचे एक झटपट गणित आहे : तिथीची पाऊणपट करा. आज षष्ठी असेल तर ६ ची पाऊणपट साडेचार. म्हणजे मुंबईच्या किनाऱ्यावर साधारण साडेचार वाजता पूर्ण भरती, एकदा पहाटे आणि एकदा दुपारी. अष्टमीला सहा वाजता. हे गणित का जमते? चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरती त्याच्या मागोमाग सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. जवळजवळ बरोबर! एका भरतीपासून दुसरी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाणाची मोठी भरती. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची लहान भरती.

पण थांबा. हे गणित समुद्रकिनाऱ्याचे आहे आणि आपण खाडीत आत आहोत. भरती ही एक लांबलचक लाट आहे. उथळ पाण्यात अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो : गुरुत्वत्वरण गुणिले खोली, आणि त्याचे वर्गमूळ. खोली ५ मीटर धरली तर ९.८ गुणिले ५ म्हणजे ४९, त्याचे वर्गमूळ ७. लाटेचा वेग सेकंदाला ७ मीटर, म्हणजे तासाला सुमारे २५ किलोमीटर. समजा समुद्रापासून तुमच्या जागेपर्यंत खाडीचे अंतर ३० किलोमीटर आहे. तर भरती तुमच्याकडे सुमारे सव्वा तास उशिरा यावी. खोली कमी असेल तर आणखी उशिरा. कागदावर एवढे झाले. आता काठावर बसून खरी वेळ पाहा आणि फरक काढा. हा फरक तुमच्या जागेचा स्वतःचा आकडा आहे, तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

काठावर तिवरांची झाडे असतात. चिखलात हवा जात नाही, म्हणून त्यांची मुळे पेन्सिलीसारखी वर डोके काढतात. ही श्वासमुळे. तिवराच्या पानाची खालची आणि वरची बाजू भिंगाखाली पाहा. झाडाने बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण चमकताना दिसतील. चिखलावर उड्या मारणारा मासा दिसला तर तो निवटी. तोंडात आणि कल्ल्यांशी पाणी धरून आणि ओल्या कातडीतून श्वास घेत तो पाण्याबाहेर हिंडतो. तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात, लाटांचा जोर मोडतात आणि माशांच्या पिलांना आडोसा देतात. तिवरे तोडून भराव टाकला की ही तिन्ही कामे बंद पडतात.

परतताना दोन्ही बाजूंची गोदामे पाहा आणि एक हिशेब करा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टर छपरावर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० लाख लिटर पाणी होते. १०,००० लिटरचे १०० टँकर! पूर्वी येथे भाताची खाचरे होती. बांधाने अडलेले पाणी त्यांत मुरत असे, रेंगाळत असे. छपरावरून आणि काँक्रीटवरून ते तडक गटारात आणि नदीत धावते. त्याच वेळी खाडीत उधाणाची भरती असेल तर नदीचे पाणी पुढे सरकायला जागाच उरत नाही. मग ते सखल वस्तीत शिरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईबरोबरच कल्याण-भिवंडीचा परिसरही पाण्याखाली गेला. कामवारीच्या काठची घरे आजही अशा दिवसांची धास्ती घेऊन राहतात. पावसाचा अंदाज आणि भरतीची वेळ, या दोन गोष्टी एकत्र वाचता येणारे मूल घरात असेल तर सामान आणि माणसे वेळेवर वरच्या मजल्यावर जातील.

दुतोंड्या मारुतीचा धडा

नाशिकला गोदावरीच्या पात्रात दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पूर आला की नाशिककर विचारतात, पाणी मारुतीच्या कमरेला लागले का? गळ्याला लागले का? त्यावरून पूर किती मोठा ते साऱ्या गावाला कळते. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल आणि कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा हेच काम करतात. तेथल्या पाण्याची फुटांतली उंची पावसाळ्यात घरोघर तोंडपाठ असते. या सर्व ठिकाणी युक्ती एकच आहे. न हलणारी एक खूण ठरवायची आणि तिच्याकडे पुन्हा पुन्हा येऊन पाहायचे.

भिवंडीच्या तीन पाणवाटांवर तुम्हीही आपापला मारुती निवडा. तलावाची एक पायरी, नदीवरच्या पुलाचा एक खांब, खाडीकाठचा एक दगड. महिन्यातून एकदा तेथे जा आणि तारीख, वेळ, तिथी, पाण्याची उंची, रंग, वास आणि दिसलेले प्राणी-पक्षी लिहा. एका फेरीने फारसे कळत नाही. बारा फेऱ्यांनी वर्ष कळते. तुमची वही पुढच्या वर्षी नववीच्या वर्गाला द्या. पाच वर्गांच्या पाच वह्या शाळेच्या कपाटात जमल्या, तर “पूर्वी नदी अशी नव्हती हो” या उसाशाच्या जागी तुमच्यापाशी नोंद असेल. नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत, मोठ्यांच्या सभेत उसासा कोणी लिहून घेत नाही. नोंद घ्यावी लागते.

तुमचे गाव भिवंडी नसेल तरी चालेल. पाण्याचा काठ प्रत्येक गावाला असतो. शिक्षकांना विनंती एवढीच, की भूगोलाचा एक तास महिन्यातून एकदा त्या काठावर घ्यावा.

शोधून काढा

१. नदी नाक्याच्या पुलावरून टाकलेले पान उधाणाच्या भरतीच्या वेळी उलट्या दिशेने जाते का? जात नसेल, तर पुलाच्या खालच्या अंगाला कोणत्या ठिकाणी जाऊ लागते? भरतीची हद्द नकाशावर दाखवा.

२. तलाव, नदी आणि खाडी यांचे १००-१०० मिलिलिटर पाणी शिक्षकांच्या देखरेखीखाली आटवा. मागे उरलेल्या क्षाराचे वजन करा. समुद्राच्या पाण्यातून सुमारे साडेतीन ग्रॅम क्षार मिळतो. तुमचे तीन आकडे त्याच्या तुलनेत कोठे बसतात?

३. शाळेच्या छपराचे क्षेत्रफळ पावलांनी काढा. ठाणे जिल्ह्यात वर्षाला सुमारे अडीच मीटर पाऊस पडतो असे धरले, तर छपरावर किती लिटर पाणी पडते? तुमच्या शाळेला ते किती दिवस पुरेल?

४. घरातील सर्वांत वृद्ध माणसाला विचारा : त्यांच्या लहानपणी कामवारीत, किंवा तुमच्या गावच्या नदीत, कोणते मासे मिळत? नावे लिहून ठेवा. तुमच्या वहीचे ते पहिले पान असू द्या.